बाईसाहेबांचा फोन नंबर

खोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं – ‘काच! सांभाळून उचला’, आणि आतून कोणीतरी घसा फोडून भांडत होतं.

ते खोकं दोन्ही हातांत धरून एक तरुण दवाखान्याच्या दारात उभा होता. काउंटरमागच्या मुलीकडे बघून तो कसंनुसं हसला. “यात ना…” तो म्हणाला, आणि तेवढ्यात खोक्याचा तळच सुटला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. राखाडी-पांढरी मांजर आधी फरशीवर, मग वजनकाट्यावर (काट्याने घाईघाईने साडेतीन किलो दाखवून टाकलं), मग खुर्चीवरच्या आजोबांच्या मांडीवर, आणि शेवटी औषधांच्या कपाटाच्या टोकावर. तिथून ती सगळ्यांकडे अशी बघायला लागली, जणू दवाखाना तिचाच आणि आपण सगळे भाडेकरू.

“हलू नका,” काउंटरमागची मुलगी हळूच म्हणाली. “आणि तिच्याकडे तर अजिबात बघू नका.”

“मग कुठे बघू?”

“माझ्याकडे बघा.”

त्याने बघितलं. अगदी सांगितल्यासारखं, मन लावून. आपण काय बोलून गेलो ते तिच्या आत्ता लक्षात आलं, आणि तिचे कान तापले. तिने टॉवेल उचलला, स्टुलावर चढली आणि टुणकन उडी मारून मांजरीला पोळीसारखं गुंडाळून खाली आली.

“शाब्बास, खारूताई!” आतल्या दारातून डॉक्टरबाई म्हणाल्या.

खारूताई म्हणजे तीच. दवाखान्यात लागून तिला दोनच महिने झाले होते, पण एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून डॉक्टरबाईंनी तिसऱ्याच दिवशी हे नाव ठेवलं, आणि आता कुत्र्यांचे मालकसुद्धा तिला तसंच म्हणत. बोलायला लागली की थांबायची नाही. पण त्या दिवशी समोरच्या माणसाच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली दिसली, आणि तिचे शब्द कुठेतरी सांडलेच.

“पेशंटचं नाव?” तिने कसंबसं विचारलं.

“बाईसाहेब.”

“काय?”

“बाबांनी ठेवलंय. म्हणजे ते म्हणतात, मी काही नाव-बिव ठेवलेलं नाही. ती घरची नाही, येते-जाते. पण हाक मात्र तीच मारतात.” त्याने दांडी सावरली. “ही पण तिनेच चावली. आमचं चष्म्याचं दुकान आहे आणि माझाच चष्मा असा. गिऱ्हाइकं घाबरतात हो!”

ती हसली. आणि तो गप्प होऊन तिचं हसणं बघत राहिला… मग दचकून कामाचं बोलायला लागला. दोन बोके रोज दुकानाच्या पायरीवर बसून गाणी म्हणतात. पिल्लं झाली तर ठेवणार कुठे? म्हणून ऑपरेशन करून घ्यायचं, आणि लगे हात चिपही बसवायची.

“रात्रीपासून उपाशी ठेवलंय ना?” डॉक्टरबाईंनी विचारलं. “भुलीच्या आधी पोट रिकामं लागतं.”

“एकदम उपाशी.”

डॉक्टरबाईंनी बाईसाहेबांचं तोंड उजेडाकडे वळवलं. “मग मिशीला हे पिवळं काय लागलंय?”

त्याने तिथूनच फोन लावला. “बाबा, तुम्ही बाईसाहेबांना सकाळी काही दिलंत का?”

“मी?” फोनमधला आवाज सगळ्या दवाखान्याला ऐकू गेला. “मी त्या मांजराकडे ढुंकूनही बघत नाही.”

“बाबा…”

“अर्धंच अंडं होतं,” आवाज खाली आला. “माझ्याकडे बघत बसली होती रे. काय करणार?”

झालं, ऑपरेशन पुढे ढकललं. खारूताईने जड मनाने वहीत दोन दिवसांनंतरची वेळ लिहिली. जड मनाने म्हणजे… आतून उड्या मारत.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा बाईसाहेब खरोखरच उपाशी होत्या आणि त्यामुळे भयंकर रागावलेल्या होत्या. डॉक्टरबाई त्यांना आत घेऊन गेल्या. बाहेर फॉर्म भरायचा होता. कॉम्प्युटरवरचा तो फॉर्म मोठा हट्टी. दुसऱ्या संपर्काचा सोडून एक रकाना रिकामा ठेवला तरी पुढे सरकायचा नाही.

“म्हणजे आता ती कुठे कुठे फिरते ते मला मोबाईलवर दिसणार?” त्याने विचारलं.

“ती काय टॅक्सी आहे?” तिला आज वाचा फुटली होती. “चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. मानेमागे कातडीखाली बसते आणि गप्प राहते. कोणी मशीन फिरवलं, की फक्त आपला क्रमांक सांगते. त्या क्रमांकापुढे आम्ही तुमचा फोन नोंदवून ठेवतो, तो कुठल्याही दवाखान्याला दिसतो.”

“एवढंच?”

“एवढंच. हरवल्यावर कोणाला फोन करायचा, ते कळलं की पुरे असतं ना?”

“खरंय,” तो म्हणाला. “माणसांनाही बसवायला हवी.” ते त्याने इतकं हळू म्हटलं की तिने मान वर केली. “आई गेल्यापासून बाबा कोणाशी फार बोलत नाहीत. दिवसभर काउंटरवर बसतात. ही पावसात भिजून दुकानात शिरली, तेव्हा दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला मी. हिला रागावताना.”

तिने कीबोर्ड जवळ ओढला आणि हळूच विचारलं, “नंबर सांगता?”

तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. गंमत अशी, की त्याच्या नंबरचे पहिले चार आकडे तिच्या नंबरचेच होते. आणि तो मध्येच म्हणाला, “तुम्ही डोळे बारीक करून वाचता. एकदा दुकानात या, तपासून देतो.” तिने त्याच्याकडे पाहिलं. बोटं मात्र थांबली नाहीत. पाचव्या आकड्यापासून ती आपल्या सवयीच्या वाटेने निघून गेली…

डॉक्टरबाईंचा नियम होता, नंबर लिहिला की मालकाला मोठ्याने वाचून दाखवायचा. “एक आकडा चुकला, तर चिप म्हणजे नुसता दाणा,” असं त्या रोज बजावत. पण तेवढ्यात आतून हाक आली, “झालं गं, टॉवेल आण!” आणि खारूताई पळाली.

मग दहा दिवसांनी टाके काढायला बाप-लेक दोघंही आले. बाईसाहेबांच्या गळ्यात प्लास्टिकचा मोठा गोल होता, टाके चाटू नयेत म्हणून. मी सहजच आलोय, इकडून चाललो होतो, असं बाबांनी न विचारताच सांगितलं आणि टाके निघेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“झालं,” ती म्हणाली. “आता यायची गरज नाही.”

“अजिबात नाही?” त्याने विचारलं.

“नाही… म्हणजे लस वर्षाने.”

“वर्षाने.” त्याने नवं खोकं उचललं, परत ठेवलं, परत उचललं. “बरं… दुकानात या. डोळ्यांचं.”

“येते ना.”

पण ती गेली नाही. दोनदा कोपऱ्यापर्यंत गेली, काचेतून तो कोणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवताना दिसला, आणि पाय आपोआप मागे फिरले. चाळीस किलोच्या कुत्र्याच्या तोंडात हात घालणारी मुलगी! आणि चार पायऱ्या चढवेनात.

पाच आठवडे असे गेले. मग एका दुपारी दार धाडकन उघडलं.

त्याचे केस विस्कटले होते आणि हातात कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर बाईसाहेबांचा फोटो. “परवापासून नाहीये,” तो म्हणाला. “समोरच्यांचं सामान हलवायला टेम्पो आला होता, त्यात शिरली असेल. हा कागद इथे लावता येईल का?”

“आणि बाबा?”

“फोन पुढ्यात ठेवून बसलेत. जेवलेसुद्धा नाहीत. म्हणतात, चिप आहे ना, फोन येईल.” त्याने चष्मा पुसला. “दोन दिवस झाले… एकही आलेला नाही.”

“मी नोंद बघते,” ती म्हणाली आणि फॉर्म उघडला.

संपर्काच्या रकान्यात एक नंबर होता. पूर्ण, नीटनेटका, तोंडपाठ. तिचा स्वतःचा.

कामाच्या वेळी तिचा फोन आवाज बंद करून खणात असायचा. तिने खण ओढला. कालपासून एकाच अनोळखी लँडलाईनवरून पाच मिस्ड कॉल. काल संध्याकाळी ते बघून, कोणीतरी कर्ज विकत असणार, म्हणून तिने फोन उशीखाली सारला होता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात एक सोपी वाट चमकून गेली. त्याला म्हणावं, तुम्ही घरी जा, मी शोधते. मग गुपचूप फोन करावा, मांजर आणावी, नंबर बदलावा. कोणाला कळणार होतं? तो तिला डोक्यावर घेऊन नाचला असता.

तो तिच्याकडे बघत होता. पहिल्या दिवशीसारखाच, सांगितल्यासारखा, विश्वासाने.

“माझी चूक आहे,” ती म्हणाली. “तुमच्या नंबरच्या जागी मी माझा लिहिला. पहिले चार आकडे सारखे होते आणि… मी वाचून दाखवला नाही. फोन आलाय. पाच वेळा आलाय. मी उचलला नाही.”

त्याने हातातला गठ्ठा काउंटरवर ठेवला. आतल्या दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“लाव फोन,” त्या म्हणाल्या. “रडायचं नंतर.”

तिने लावला. पलीकडे शहराच्या दुसऱ्या टोकाचा एक दवाखाना होता, आणि तिथल्या बाई चांगल्याच वैतागलेल्या. “अहो, कालपासून फोन करतोय! राखाडी-पांढरी, डोक्याने तिखट. आमच्या दोन माणसांना ओरबाडलंय तिने!”

“तीच!” दोघं एकदम ओरडली.

रिक्षात दोघांच्या मध्ये रिकामं खोकं होतं.

“रागावलाय?” तिने शेवटी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “बाबांचे दोन दिवस… ते बघवत नव्हतं मला.” मग थोडं थांबून, बाहेर बघतच, “पण तुम्ही सांगितलंत. नसतं सांगितलं तरी मला कळलं नसतं.”

तिने खोक्याची कड घट्ट धरून ठेवली. डोळे भरले होते, आणि त्याला ते दिसू नयेत म्हणून ती दुसऱ्या बाजूच्या पाट्या वाचायला लागली. नेहमीसारखे डोळे बारीक करून.

“डोळे तपासायला हवेत,” तो पुटपुटला. आणि तिला रडता रडता हसू फुटलं.

दुकानाच्या काउंटरवर बाबा तसेच बसले होते, पुढ्यात फोन. खोकं उघडलं तशी बाईसाहेब बाहेर आल्या, आळोखेपिळोखे दिले, आणि काउंटरवर चढून त्या फोनवरच बसल्या.

“आलीस?” बाबा म्हणाले. “मला काय त्याचं.” आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. खांदे हलत होते. बराच वेळ ते तसेच राहिले.

खारूताईने त्यांनाही सांगितलं. सगळं, पाचही मिस्ड कॉलसकट. बाबांनी नाक पुसलं. “पोरी, मी ऑपरेशनच्या दिवशी अंडं चारलं आणि खोटं बोललो. तू चुकलीस आणि खरं बोललीस. आता बस. जेवलीस का?” मग लेकाकडे वळून, “तीन पानं घे रे. बाईसाहेबांचं वेगळं. घरची आहे ती, खोक्यात काय आणतोस तिला परक्यासारखं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. चष्म्याला नवी दांडी होती.

“नंबर दुरुस्त करायचाय,” तो म्हणाला.

तिने फॉर्म उघडला, त्याचा नंबर घातला आणि एकेक आकडा मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. डॉक्टरबाई आत मुद्दाम खोकल्या.

“एक विचारू?” तो काउंटरवर वाकला. “तो नंबर… चुकूनच लिहिला होता ना?”

“चुकून! शप्पथ!”

“अरेरे,” तो म्हणाला. “मी रात्रभर मनाशी म्हणत होतो, मुद्दाम असेल.”

तिच्या हातातला माउस टेबलावरून खाली पडला आणि वायरीला लोंबकळत राहिला. तो उचलायला दोघंही वाकली, आणि काउंटरखाली, दोघांच्या नाकांमध्ये वीतभर अंतर असताना, ती म्हणाली, “पुढच्या वेळी मुद्दाम लिहीन.”

“पुढच्या वेळी कशाला? दुसऱ्या संपर्काचा रकाना रिकामा आहे. मी कालच बघितला.” त्याने नवी दांडी उगाचच सावरली. “मी हरवलो तर कोणाला फोन करायचा, तेही कुठेतरी लिहिलेलं असावं ना… लिहितेस?”

‘लिहिता’ नाही, ‘लिहितेस’. तिने ते मनात जपून ठेवलं, आणि वर येऊन तो नंबर टाइप केला. मग नियमाप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाचव्या आकड्यापासून तोच पुढचे म्हणायला लागला.

“तुला पाठ आहे?”

“काल स्क्रीनवर बघितला आणि रिक्षात पाठ केला. तू पाट्या वाचत होतीस तेव्हा.”

तिने सेव्हचं बटण दाबलं. फॉर्म हलला नाही. हट्टी तो. दुसऱ्या संपर्काच्या खाली एक रकाना लाल होऊन लुकलुकत होता – ‘बाईसाहेबांशी नातं’.

दोघं त्या लाल रकान्याकडे बघत राहिली. “काय लिहू?” तिने विचारलं… अगदी हळू, खारूताईला न शोभेल इतकं हळू.

त्याने कीबोर्ड आपल्याकडे वळवला आणि एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत टाइप केलं – घरची.

फॉर्म सेव्ह झाला.