राखणदाराने परत केलेली वडी

देवळाचं दार उघडलं तेव्हा आत दोन वड्या होत्या. एक काळी, चकचकीत, आदल्या संध्याकाळी ठेवली तशीच. दुसरी पांढरी पडली होती. कोणी राख फासावी तसा तिचा रंग गेला होता आणि तिच्यावर लांब बोटांसारखे पट्टे उमटले होते. दाराला रात्रभर बाहेरून कडी होती. आत कोणी गेलं नव्हतं.

आबोली आईच्या पाठीमागून वाकून पाहत होती. तिला भीती वाटली, आणि कोडंही पडलं. दोन्ही वड्या आईच्या कारखान्यातल्या नव्या मालातल्या होत्या. काळी राहिलेली वडी चॉकलेटच होती, पण स्वस्तातली, गावोगावच्या किराणा दुकानात बरणीतून विकली जाणारी. पांढरी पडली ती त्यांतली सगळ्यांत उंची वडी होती, विमानतळावरच्या दुकानासाठी केलेली. स्वस्त वडीला काहीच झालं नाही आणि उंची वडीची ही दशा, असं कसं?

कातळवाडीत एक रीत आहे. नवं पीक असो, नवी होडी असो, की नवा माल, पहिला वाटा राखणदाराचा. राखणदार म्हणजे गावाच्या शिवेची राखण करणारा देव. वाटा त्याच्या देवळीत (छोट्या देवळात) संध्याकाळी ठेवायचा, त्यावर केळीचं पान घालायचं, दोन्ही बाजूंना समया लावायच्या आणि दार बंद करायचं. सकाळी मानकरी दार उघडतो, गाऱ्हाणं (देवाला साकडं) घालतो, आणि मग तो वाटा गावात वाटतात. आजवर राखणदाराने कधी काही परत केलं नव्हतं.

मानकरी दाजी गावकर बराच वेळ त्या पांढऱ्या वडीकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “राखणदारान ह्यो वाटो घेतल्यान नाय. वरसून हात फिरवून परत केल्यान.”

एवढं पुरे झालं. दुपारपर्यंत कारखान्यात कोणी आलं नाही. सुपारीच्या बागांतून कोकोची फळं तोडून आणणाऱ्यांनी निरोप धाडला की आता फळं देता येणार नाहीत. कारखाना बायकांच्या गटाचा होता आणि आबोलीची आई, सुमन, त्याची प्रमुख होती. तो बंद पडला तर आईला पुन्हा रत्नागिरीच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात जावं लागलं असतं आणि आबोलीला वसतिगृहात. आईने कपाटातली जुनी बॅग काढून पुसायला घेतली, ते आबोलीने पाहिलं.

त्याच दुपारी रसना आली.

रसना हे चव तपासणारं फिरतं यंत्र होतं. विमानतळावर माल पाठवण्याआधी ते येऊन तपासून जाई. बिनचालकाची छोटी गाडी अंगणात थांबली आणि तिच्यातून माणसाच्या उंचीचं काहीतरी उतरलं. त्याला डोळे नव्हते, नाक नव्हतं. चेहऱ्याच्या जागी एक गुळगुळीत पांढरा गोल, आणि त्यात तोंड. तोंडात जीभ होती, ओली, गुलाबी.

आबोलीने न राहवून त्या जिभेला बोट लावलं. ती गरम होती. जिवंत माणसाच्या जिभेइतकी गरम. आबोलीने चटकन हात मागे घेतला.

“सगळेच असे दचकतात,” रसना म्हणाली. आवाज शांत होता, पण बोलताना ती जीभ हलत नव्हती. “गरम ठेवली नाही तर मला चॉकलेट कळणारच नाही. ती पांढरी वडी कुठे आहे?”

वडीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. देवळीतून ती आबोलीनेच आणली, ताटलीत घालून. मागोमाग दाजी आले, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून इंदूकाकी. इंदूकाकी गटातली सगळ्यांत थोरली, दाजींच्या वर्गातली. दाजी दारातच थांबले तेव्हा ती म्हणाली की शाळेतही हे मास्तरांना घाबरून असेच दारात उभे असायचे.

रसनाने दोन्ही वड्यांचा एकेक कण जिभेवर घेतला आणि ती अगदी स्तब्ध झाली. इतकी, की आबोलीला वाटलं, बंद पडली.

मग तिने विचारलं, देवळी तापते का? आईने सांगितलं की चैत्र आहे, वर पत्रा आहे, दिवसभराचं ऊन त्यात मुरतं, आणि आत दोन समया. रसना म्हणाली की मग आतली हवा माणसाच्या अंगापेक्षाही गरम झाली असणार. आणि तिने एक एक गोष्ट उलगडून सांगायला सुरुवात केली.

कोकोच्या बीमध्ये निम्मी चरबी असते. तिला कोको-लोणी म्हणतात. हे लोणी खोलीत घट्ट राहतं आणि चौतीस अंशांच्या आसपास वितळतं. आपलं तोंड त्याहून थोडंसंच गरम असतं. म्हणून चांगलं चॉकलेट हातात कडक लागतं आणि जिभेवर ठेवताच विरघळतं. पण हे लोणी महाग. सौंदर्यप्रसाधनं करणारेही ते विकत घेतात. म्हणून स्वस्त वडीत लोणी काढून घेतलेल्या कोकोची पूड, भरपूर साखर आणि पामच्या झाडाची चरबी घालतात. आईच्या स्वस्त वडीत जी पाम चरबी होती ती चाळीस अंशांपुढे वितळणारी, उन्हाळ्यात बरणीत टिकावी म्हणून निवडलेली.

“म्हणून ती देवळीत तशीच राहिली,” रसना म्हणाली. “आणि म्हणूनच ती जिभेवरही पटकन जात नाही. खाऊन झाल्यावर टाळूला मेण लागल्यासारखं वाटतं ना?”

आबोलीने मान हलवली. तिला ते माहीत होतं, पण ती चवच तशी असते असं तिला वाटत आलं होतं.

आईने विचारलं, वितळली ते ठीक, पण पांढरी का?

वितळलेलं कोको-लोणी पुन्हा गोठताना स्फटिक (कणांची ठरावीक मांडणी) बनवतं, रसनाने सांगितलं. मांडण्या सहा प्रकारच्या असतात आणि त्यांतली एकच आपल्याला हवी असते. तीच चकाकते, तीच मोडताना कट्‌ आवाज करते. कारखान्यात चॉकलेट तापवून, ढवळत थंड करून, पुन्हा किंचित तापवून ती मांडणी मुद्दाम जुळवतात. देवळीत पहाटे वडी आपोआप गोठली, तेव्हा मांडणी जुळवायला कोणी नव्हतं. लोणी वाट फुटेल तसं वर आलं आणि पांढरं होऊन बसलं.

“आणि ती बोटां?” दाजींनी दारातून विचारलं. “ती कोणाची?”

“केळीच्या पानाच्या शिरा,” रसना म्हणाली. “मऊ झालेल्या वडीवर पान टेकलं होतं.”

इंदूकाकीने पान आणून ताटलीशी धरलं. शिरा आणि पट्टे अगदी जुळले. तरी दाजींच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. ते म्हणाले की यंत्राला देव ठाऊक नाही, आणि परत आलेला वाटा खाऊन ज्याचं वाईट होईल त्याला यंत्र जबाबदार राहणार नाही.

दुसऱ्या बाजूच्या पडवीत कोकोच्या बिया लाकडी पेट्यांत पानांखाली आंबत होत्या. त्यांतून आच नसताना, आंबण्याच्याच उबेने वाफ निघत होती, कोणी श्वास सोडावा तशी. आबोलीने त्या वाफेकडे पाहिलं, आणि पांढऱ्या वडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

आईने तिचा दंड धरला, पण उशीर झाला होता.

तुकड्याने कट्‌ आवाज केला नव्हता. तोंडात त्याचा खडूसारखा भुगा झाला. आबोली डोळे मिटून उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ज्याला डोळे नव्हते त्याचाही चेहरा तिच्याकडे वळला होता. मग भुग्यातून हळूहळू ओळखीची चव वर आली. आधी कडू, मग पिकल्या फळाची आंबूस, मग भाजल्याची.

“सगळं आत आहे,” ती म्हणाली. “चव कुठे गेली नाही. फक्त मांडणी बिघडलीय.”

मग आईने खांद्यावरचं बॅग पुसायचं फडकं टाकलं. तिने ती वडी पातेल्यात फोडली, गरम पाण्यावर धरली, तसा पांढरेपणा काळ्यात विरघळला. दगडी पाट्यावर ओतून ती पसरत, गोळा करत राहिली. चांगल्या वडीचे चार कण त्यात टाकले, म्हणजे बाकीचे कण त्यांचं बघून तशीच मांडणी धरतील. साच्यात ओतलं.

गोठेपर्यंत रसना उंची वडीची बाकी किंमत कशाची, ते सांगत होती. एकाच बागेच्या बिया निवडायच्या. घाईने वाळवायच्या नाहीत, नीट किण्वन (आंबवणं) होऊ द्यायचं, कारण चव तिथेच जन्मते. मग घोटत राहायचं, कण इतके बारीक होईतो की जिभेला ते कण म्हणून कळूच नयेत. मधल्या किमतीच्या वडीत कोको-लोणी असतं, पण दूध-साखर जास्त आणि घोटणी कमी.

“एवढंच?” आईने विचारलं.

“नाही,” रसना म्हणाली. तिने एकाच वडीचे दोन तुकडे मागवले, एक साध्या कागदात, एक सोनेरी कागदात, आणि दाजींना कोणता चांगला ते विचारलं. दाजींनी दोन्ही चाखून सोनेरीतला सांगितला. त्यात कोको जास्त आहे, असंही ठामपणे सांगितलं.

इंदूकाकीने पदर तोंडाला लावला. “दाजी, कागद पण चावलात काय?”

रसना म्हणाली की यात दाजींची चूक नाही. सोनेरी कागद पाहिला की मेंदू आधीच ठरवतो आणि जीभ त्याचं ऐकते. किमतीचा काही भाग वडीत असतो आणि काही खाणाऱ्याच्या डोक्यात. विकणाऱ्यांना दोन्ही माहीत असतं.

साचा उलटा केला. वडी सुटून पाट्यावर पडली. काळी, आरशासारखी. दाजींनी तिच्यात आपला चेहरा पाहिला आणि ते दारातून आत आले. तिचा कोपरा त्यांनी स्वतः मोडला. कट्‌. त्यांनी तो खाल्ला आणि तिथेच हात जोडले.

“बा राखणदारा, तू काय नको म्हटलंस नाय. तुझ्या घरातली ऊबच आमका कळाक नाय. हेंच्या हाताक यश दी.”

संध्याकाळी बागांतून फळं आली.

रसना गाडीत चढताना आबोलीने तिला विचारलं की असं लोणी करता येईल का, जे कातळवाडीच्या चैत्रात टिकेल आणि जिभेवर विरघळेलही.

“अजून कोणाला नीट जमलेलं नाही,” रसना म्हणाली. “ऊन आणि जीभ, दोघांच्या गरमीत फरक फार थोडा. त्या दोघांमधली जागा फार अरुंद आहे. पण स्फटिकांच्या मांडण्या माणसाला कळू लागल्या आहेत. कोणीतरी शोधेल.”

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी आबोलीने आईकडे एक छोटं पातेलं मागितलं. आईने कशाला म्हणून विचारलं.

“ती अरुंद जागा शोधायला,” आबोली म्हणाली, आणि पातेलं घासायला बसली.