लाभ, दोन, तीन

मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर देवमनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तालुक्यातल्या बहुतेक रेडिओंच्या पोटात त्याचा हात जाऊन आलेला. माणूस कामाचा पक्का, पण जिभेचा तिखट. दुसऱ्या मिस्त्रीने उघडलेला सेट समोर आला की कपाळाला हात लावून विचारायचा, "कोन्या कसायानं सोडला हा?" दुसऱ्याच्या कामाचं कौतुक त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नव्हतं. शहात्तर सालच्या मार्चमध्ये मात्र एका विजेच्या गिटारीपुढे त्याने हात टेकले.

गिटार घेऊन आली ती शेलूबाजारची गोजराबाई. वाकळीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून आणली होती. तिचा मुलगा इंद्रभान कारंज्याला जिनिंगमध्ये मोटरींचं वायंडिंग करायचा आणि गावातल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत वाजवायचा. ही जुनी परदेशी गिटार त्याने नागपूरच्या जुन्या बाजारातून आणली ती मुकीच आणली, आणि पुढे दोन वर्षं तिच्यावर खपला. मागच्या वर्षी तो गेला.

"जयभीम, बापू. चौदा एप्रिलले ही वाजली पाहिजे," गोजराबाई म्हणाली.

देवमनने गिटार टेबलावर आडवी केली आणि नेहमीच्या सवयीने खोट शोधायला लागला. दांडीला चीर होती, पण तीत सागाची सळी अशी बसवलेली की नख फिरवल्याशिवाय कळू नये. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी हरवली होती. तिच्या जागी बैलाच्या शिंगाची पट्टी घासून बसवली होती, आणि ती मूळच्यापेक्षा देखणी असावी. मग त्याने तारांखालचं झाकण काढलं. आत लोहचुंबकावर गुंडाळलेलं कॉइल होतं. तारांचा थरथराट पकडून त्याची वीज करतं ते हेच. केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो फेरे, वळणाला वळण चिकटून, कुठे गाठ नाही की ढिलाई नाही. चपड्याच्या लाखेचा मंद वास येत होता. देवमनने डोळ्याला भिंग लावलं ते बराच वेळ काढलंच नाही.

"मावशी, असा हात मी पाह्यला नाही," तो म्हणाला, आणि आपण हे बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

तारेचं शेवटचं टोक मात्र सुटं लोंबत होतं.

"पुरं नाही झालं ते," गोजराबाई म्हणाली. "तो फिरवे अन् मोजे. मी बाजूले बसून दर विसाले एक चिंचोका टाको. साडेतीनशे टाकाचे होते. तीनशे एकोनपन्नास झाले. शेवटच्या विसात तेरावर थांबला, मले पानी माग्तलं. मी गडवा घेऊन आली त मान खाली पडेल होती."

देवमनने लोंबणारं टोक चिमटीत धरून अलगद कडेला ठेवलं.

"भुतंखेतं आमी छप्पन्न सालीच सोडली, बापू. पन त्याचा जीव त्या सात फेऱ्यांत अडकेल हाये, असं मले वाटते. तेवढे सात घाल. म्हंजे तो मोकळा होईन."

देवमनने मान डोलावली आणि तिला दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं.

सात हजारांत सात फेरे! कोणत्याही कानाला फरक कळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्या कामावर आपला हात फिरवायची त्याला लाज वाटत होती. त्याने सुटं टोक तसंच कथलाचा डाग देऊन जोडलं, तारा चढवल्या, अॅम्प्लिफायर गरम होऊ दिला आणि जाडी तार छेडली.

असा भरीव, गोड आवाज निघाला की समोरचा पानठेलेवाला हातातलं पान तसंच धरून दारात आला. देवमनला हसू फुटलं. पान लावायला ठेलेवाला परत गेला, आवाज विरत गेला, आणि त्याच्या खालून, स्पीकरच्या घरघरीत, कोणीतरी मोजताना ऐकू आलं.

"लाभ, दोन, तीन, चार…"

तेरावर मोजणी थांबली.

कॉइलमध्ये कधीकधी रेडिओ शिरतो. देवमनने गिटारीची दिशा बदलली, अर्थिंग तपासलं, दुकानातले सगळे सेट बंद केले. पुन्हा तार छेडली. लाभ, दोन, तीन. पुन्हा तेरावर थांबलं. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. देवमनचा बापही तसंच मोजायचा, आणि वीस झाले की पुन्हा लाभपासून धरायचा. आकाशवाणीवर असं कोण मोजतं?

भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, त्याच्या अंगावर काटा आला.

त्याने झाकण उघडलं, डाग सोडवला, कपाटातल्या रिळाची तार जोडली आणि गुंडाळायला घेतलं. श्वास रोखून, त्या हाताला शोभेल असं. मोजत होता तो मोठ्याने. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस. वीस.

"लाभ," त्याची जीभ बोलून गेली.

लहानपणापासूनची सवय. वीस झाले की पुढचं लाभच. त्याने जीभ चावली. हात थांबलेला होता, फेरा काही पडला नव्हता. शब्दच तो! त्याने तार कापली, टोक डाग देऊन पक्कं केलं आणि गिटार वाजवून पाहिली.

आवाज स्वच्छ होता. मोजणी नव्हती. देवमनचा जीव भांड्यात पडला.

चौदा एप्रिलला शेलूबाजारात गायन पार्टीतल्या एका पोराच्या हातात गिटार अशी वाजली की लोकांनी एकच गाणं तीनदा म्हणायला लावलं. देवमन मागे उभा राहून ऐकत होता. भेटेल त्याला सांगत होता, "काम इंद्रभानचं हाये, माह्यं नाही." त्याचे डोळे भरून आले होते.

आठवड्याने गोजराबाई पुन्हा दुकानात आली. वाकळ तीच, पण चेहरा निवांत.

"मले आता झोप लागून राह्यली, बापू. वरसात पयल्यांदा. फक्त हे झाकन वर आल्यावानी दिसते. बसवून दे."

देवमनने स्क्रू सैल केले. झाकण आपोआप उचललं गेलं.

कॉइल फुगलं होतं.

त्याने भिंग लावलं. त्याने दिलेला डाग सुटलेला होता. त्याच्या सात फेऱ्यांवर नवी तार चढली होती, थरावर थर, वळणाला वळण चिकटून. त्या हाताला कुठेही खोट नव्हती. जुन्या कामाहूनही सरस होतं. विसानंतर आपल्या तोंडून निसटलेला 'लाभ' देवमनला आठवला.

"झालं ना रे सारं पुरं?" गोजराबाईने विचारलं.

"हो, मावशी," देवमन म्हणाला.

सुईत ओवण्याआधी दोरा जिभेला लावतात, तसं तारेचं सुटं टोक ओलं होतं.