मागची खुर्ची

आमच्या वकीलबाईंकडे अपघाताचा दावा आला की पहिलं काम माझं. कचेरीतल्या चार खुर्च्या उचलायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत गाडी मांडायची, पुढे दोन, मागे दोन. अपघाताच्या वेळी अशील जिथे बसला असेल तिथेच त्याने बसायचं आणि घडलेलं पहिल्यापासून सांगायचं. बाई म्हणतात, माणसाचं तोंड खोटं बोलेल, बूड बोलत नाही; बसल्या जागी त्याला सगळं आठवतं. साक्षीच्या आधी ही तालीम ठरलेलीच. गाडीत आणखी कुणी असेल तर त्याच्या जागी मी बसते. माझं मूळ काम टायपिंगचं, पण इतक्या वर्षांत मी लोकांची सासू झाले, साहेब झाले, एकदा तर बोकडसुद्धा झाले. कायदा शिकले तो असाच, टाइप करता करता आणि मांडलेल्या गाड्यांमधून आपटता आपटता.

मग माझ्या धाकट्या भावाचा दावा आला.

धाकटा आणि वहिनी दिवेलागणीला गाडीने घरी येत होते. वळणापुढे एक ट्रक बंद पडून रस्त्यातच उभा होता, मागचे दिवे न लावता. गाडी त्याच्याखाली घुसली. वहिनी जागच्या जागी गेली. धाकटा वाचला, पण डावा पाय नावालाच उरला. वर्षभरात शस्त्रक्रिया झाली तर पाय राहील, नाहीतर कापावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. एवढा खर्च आमच्या दोन्ही घरांच्या आवाक्याबाहेरचा होता. ट्रकच्या विमा कंपनीने भरपाई दिली तर पाय, नाहीतर कुबड्या जन्माच्या.

वहिनी ताडमाड उंच. गाडीत बसली की सीट पार मागे सरकवून पाय पसरायची. फक्त मागे मी असले की ती खालचा दांडा ओढून सीट पुढे घ्यायची, कारण माझा गुडघा नीट वाकत नाही. मग मान वळवून विचारायची, "वन्सं, पुरे ना जागा?" हा 'वन्सं' तिने मला म्हातारी करायला मुद्दाम कुठून तरी उकरून काढला होता. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी फाडून खाल्लं असतं. तिच्या तोंडून मात्र गोड लागायचा.

विमा कंपनीच्या वकिलाला आम्ही कचेरीत साखरतोंड्या म्हणतो. दाव्याचं कामकाज सुरू झालं तसं त्याने मला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं.

"ताई, ट्रकवाला बाजूलाच उभा होता. तो म्हणतो, गाडीवाला मान वळवून मागे बघत होता. समोर बघितलंच नाही त्याने."

"ट्रकवाला दुसरं काय म्हणणार? दिवे लावायला विसरलो म्हणेल?"

"बरं, तो राहू द्या. पंचनामा तर खोटा नाही? तुमच्या वहिनीची सीट पार पुढे ओढलेली सापडली. एवढी उंच बाई गुडघे पोटाशी घेऊन का बसेल? मागे कुणीतरी होतं, ताई. तुमचा भाऊ त्याच्याशी बोलण्यात गुंगला आणि आदळला. चूक त्याची, मग भरपाई कसली?"

"शोधा मग त्या मागच्याला."

"शोधतोय," तो म्हणाला आणि मला दार उघडून दिलं. सभ्यपणात त्याचा हात कुणी धरणार नाही.

पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल मीच टाइप केली होती. सीटची ती ओळ आली तेव्हा बोटं जरा थांबली होती, मग पुढे गेली. वहिनी असती तर म्हणाली असती, वन्सं, पोटापाण्याचं काम आहे, रडायचं ते घरी.

संध्याकाळी धाकट्याला जेवायला वाढलं आणि विचारलं, "मागे कुणी होतं का रे?"

"नव्हतं."

"मग मागे का बघितलंस?"

तो कुबडीच्या रबराचे कंगोरे नखाने खरवडत बसला. "हाक आली. 'थांब' म्हणून. म्हणून वळलो. नाहीतर ट्रक दिसला असता, ताई. वेळ होता."

"डोक्याला मार लागला होता तुझ्या."

"मार नंतर लागला."

"कुणाचा आवाज होता?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग ताटाकडे. "भात संपव तुझा," तो म्हणाला. लहानपणी मी त्याला म्हणायचे तसंच.

हे बाईंच्या कानावर घातलं तेव्हा त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "कोर्टात हे बोलला तर पायावर पाणी सोडा. मागे कुणी नव्हतं हे खरं ना? तेवढंच बोलायचं. बाकीचं पोटात."

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मी खुर्च्या मांडल्या. उजवीकडे पुढे धाकटा, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. डावीकडची पुढची खुर्ची रिकामी. तिच्यामागच्या खुर्चीवर मी.

"तुम्ही कशाला?" बाई म्हणाल्या. "मागे कुणी नव्हतं ना?"

"साखरतोंड्या उद्या त्याला मागच्या सीटवरूनच छळणार. इथे मला मागे बसवून गडबडला नाही, तर तिथेही गडबडणार नाही." अतिशहाणपणाला औषध नसतं, ही कल्पना माझीच होती.

धाकटा सांगायला लागला. हळू, सपाट आवाजात. पेट्रोल भरलं. हिने खिडकी खाली केली. गाणं लावू का विचारलं, मी नको म्हटलं. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. वर पंखा घरघरत होता.

"मग ते वळण आलं," धाकटा म्हणाला.

पंखा ऐकू येईनासा झाला. वर बघितलं तर तो फिरत होता. घरघर मात्र आता खालून येत होती, फरशीतून खुर्चीच्या पायात, तिथून माझ्या कमरेत. तापलेल्या रेक्झिनचा वास आला. त्यामागून वहिनीच्या केसांच्या तेलाचा.

समोरची रिकामी खुर्ची पुढे सरकली.

फरशीवर कर्कश आवाज झाला. "खुर्च्या ओढू नका हो," बाई मान वर न करता म्हणाल्या.

माझ्या गुडघ्याला जागा झाली होती. पुरेशी.

धाकट्याचे हात हवेतलं स्टिअरिंग धरून होते. त्याच्या खांद्यावरून मला समोरची भिंत दिसायला हवी होती, कॅलेंडर, फायलींचं कपाट. तिथे संध्याकाळ होती. करडा रस्ता होता. रस्त्यावर एक काळा चौकोन होता आणि तो मोठा होत होता.

त्याला तो दिसत नव्हता.

"थांब!"

मी ओरडले. मीच.

धाकट्याने मान वळवली. पूर्ण मागे. माझ्याकडे बघत राहिला.

त्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"हाच," तो हळूच म्हणाला.

भिंत परत आली. पंखा परत आला. बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय झालं हो?"

"गोळा आला पायात," मी म्हटलं.

त्या रात्री मी त्याला वाढलं, तो जेवून उठला. अपघाताच्या संध्याकाळी मी याच कचेरीत टाइप करत होते, बाई माझ्या समोर होत्या. हे मी त्याला सांगणार होते. पण ते त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी साखरतोंड्याने विचारलं, "शपथेवर सांगा, मागच्या सीटवर कोण होतं?"

धाकट्याची नजर कोर्टभर फिरली आणि शेवटच्या बाकावर, माझ्यावर येऊन थांबली.

"कुणीही नव्हतं," तो म्हणाला.

निकाल आमच्या बाजूने लागला. बाईंनी पेढ्यांचा बॉक्स आणला, साखरतोंड्याने हात जोडून अभिनंदन केलं. कोर्टातून घरी जायला टॅक्सी केली. पाय लांब करता यावा म्हणून धाकटा पुढे, सीट पार मागे घेऊन. ड्रायव्हरच्या मागे फायलींचे गठ्ठे. उरलेल्या जागेत, धाकट्याच्या मागे, मी गुडघा तिरका करून अवघडून बसले.

कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज हलका लागला. उद्याच डॉक्टरांकडे जाऊ म्हणाला. पाय बरा झाला की तुला पळून दाखवतो म्हणाला. बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती, अजून लागले नव्हते.

"ताई, एवढं चांगलं झालं आणि तू गप्प का? बोल ना काहीतरी."

मी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

गाडी वळली. आणि धाकट्याची सीट कट्‌ कट्‌ करत पुढे सरकली. माझा गुडघा मोकळा झाला.

त्याचे दोन्ही हात मांडीवरच्या कुबड्यांवर होते.

तेलाचा वास आला. ड्रायव्हर समोर बघत होता. पुढे रस्त्यावर काहीतरी मोठं, काळं, बिनदिव्याचं उभं होतं. ते त्याला दिसत असणार. दिसायलाच हवं.

मी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले.