कुशीवर घेतलेली गाडी

मोटारीचा मोकळा सांगाडा आडवा करायला चार माणसं पुरतात, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं. इंजिन, चाकं, दारं, काचा, गाद्या असं सगळं काढलं की उरतो तो नुसता पत्र्याचा डबा. जमिनीवर ट्रकचे दोन जुने टायर मांडायचे, वर भुशाची पोती टाकायची, आणि उजवीकडून उचलत उचलत गाडी डाव्या अंगावर टेकवायची. मग तिचा तळ भिंतीसारखा उभा राहतो आणि खाली उताणं न पडता, समोर उभं राहून त्याचं काम करता येतं. आमच्या केडगावच्या कारखान्यात याला गाडी कुशीवर घेणं म्हणत. तळ नेहमी पूर्वेकडे. सकाळचं ऊन त्यावर पडलं की गंजाचं एकेक भोक दिसतं.

कारखाना म्हणजे पुणे रस्त्याला लागून पत्र्याची शेड, पुढे लिंबाचं झाड आणि मागे आमच्या दोन खोल्या. कामाला आमचे हे आणि वेल्डिंग करणारा गोरक्ष. माझा नेम असा, की तुळशीला अकरा प्रदक्षिणा झाल्या की निरांजन आणि अक्षतांची वाटी घेऊन शेडमध्ये जायचं, आलेल्या प्रत्येक गाडीला हळदकुंकू लावून चार अक्षता वाहायच्या, मगच चहा. मग तो ट्रक असो की कुणाची मोडकी जीप. गोरक्ष म्हणायचा, "वहिनी, पेशंटला आदी तुमचं इंजेक्शन, मंग माझं."

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात तिसगावकडून एक काळी मोटार आली. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तिकडचा एक तलाव पार तळापर्यंत आटला आणि गाळात ही मोटार दिसली. आठ वर्षांपूर्वी, भाद्रपदात, तलावाच्या काठानं जाताना काठ ढासळला आणि मोटार ड्रायव्हरसकट पाण्यात गेली होती. तेव्हा गळ टाकून, पाणबुडे घालूनही लागली नव्हती. आता बैलांनी ओढून काढली तर चारी दारं लागलेली, काचा वर चढवलेल्या, आत गाळ. छगन ड्रायव्हर मात्र नाही. हाड नाही, चप्पल नाही. मोटारीच्या मालकांना नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं नव्हतं. वरचा पत्रा धड होता, तळाची तेवढी चाळण झालेली. तळ नवा घाला, असं सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं मालनबाई आल्या. छगनची बायको. दुष्काळी कामावर खडी फोडून हाताला घट्टे पडलेले, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लिंबाखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "आठ वर्सं मी म्हनते, त्ये हायेत. लोक हसत्यात. आता भावकी म्हनती, गाडी घावली, लावा निकाल. येत्या अवसेला पळसाच्या पानांचा पुतळा करनार, त्यांचं नाव घिऊन जाळनार, आन् मला कुकू पुसाय लावनार."

ज्याचा देह सापडत नाही त्याचं असं करतात, हे मला ठाऊक होतं.

"तुमी देवाधरमाच्या हायसा," त्या म्हणाल्या. "गाळात येक बटन घावलं तरी मला सांगा. मी माज्या हातानं कुकू पुसंन. पन काई घावलं न्हाई, तर तसंबी सांगा. म्हंजी भावकीम्होरं हुभी ऱ्हाते."

"जे असेल ते सांगेन," मी म्हटलं. अमावास्या सहा दिवसांवर होती. त्यांनी आदल्या दिवशी परत यायचं ठरलं.

त्याच दुपारी गाडी कुशीवर घेतली. आतला गाळ त्याआधी, मालनबाई गेल्या गेल्या, धुऊन काढला होता, टँकरच्या पाण्यातल्या चार बादल्या खर्ची घालून. धुतलेलं पाणी मी वस्त्रगाळ केलं. काही निघालं नाही. मग हे, गोरक्ष आणि रस्त्यावरून बोलावलेले दोघं अशा चौघांनी हात घातला, तर गाडी जागची हलेना. पिठाच्या गिरणीवरून तिघांना बोलावलं, तेव्हा कुठे टेकली. गोरक्ष घाम पुसत म्हणाला, "आत कोन बसलंय का काय, नाथभाऊ?" ह्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. गोरक्षनं जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेमाप्रमाणे गेले. पुढच्या काचेच्या मोकळ्या चौकटीतून हात आत घातला आणि तळाच्या पत्र्याला कुंकू लावून अक्षता टाकल्या. त्या पत्र्यावरच राहिल्या.

तळ भिंतीसारखा उभा होता. भिंतीवर तांदूळ टाकले तर खाली पडतात. मला वाटलं पत्रा ओला असेल. बोट लावून पाहिलं, कोरडा ठणठणीत. एक दाणा नखानं ढकलला. तो त्या उभ्या पत्र्यावर जरासा घरंगळला आणि थांबला, परातीत थांबावा तसा.

भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर उत्सुकता वाटली, आणि नेम पुरा व्हायच्या आत अशी उत्सुकता वाटावी याची थोडी लाज वाटली. घरात गेले, वातीच्या सुताला एक सुपारी बांधली आणि परत आले. सूत बाहेर धरलं तेव्हा सुपारी सरळ खाली लोंबत होती. चौकटीतून आत नेलं, तशी ती संथपणे सरकली आणि तळाच्या दिशेनं, आडवी ताणून राहिली. हात मागे घेतला की पुन्हा खाली. पाच वेळा केलं. पाचही वेळा तसंच.

मग निरांजन आत धरलं. ज्योत टपाकडे आडवी झाली, अगदी स्थिर. शेडमध्ये वाऱ्याची झुळूक नव्हती.

ह्यांना बोलावलं. त्यांनी सुपारी पाहिली, ज्योत पाहिली. स्वतःच्या खिशातला स्क्रू आत सोडून पाहिला. तो तळावर टण् करून पडला.

"लोहचुंबक," हे म्हणाले.

"सुपारीला?"

हे दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, "गोरक्षला सांगू नको. तो काम सोडून जाईल. आणि तू आत वाकत जाऊ नको."

"नेम आहे," मी म्हटलं.

"मग बाहेरून कर." आवाज चढवला नाही ह्यांनी, पण त्या दिवसापासून चहा शेडऐवजी लिंबाखाली घेऊ लागले.

म्हणजे गाडी कुशीवर होती ती फक्त आमच्यासाठी. आतल्या आत ती अजून सरळ उभी होती.

काम बाहेरून सुरूच होतं. गोरक्षनं तळाच्या दोन्ही कडांच्या पोकळ पट्ट्या कापून उघडल्या. त्यांत सुकलेला गाळ ठासून भरला होता. तो सगळा मी पाटीत घेऊन चाळणीनं चाळला. मालनबाईंना शब्द दिला होता. शिंपले निघाले, माशाचे काटे निघाले. बटण नाही, अंगठी नाही, माणसाचं काही नाही. ह्यांना बरं वाटलं. म्हणाले, "मग सांगून टाक तिला, काही नव्हतं म्हणून."

मलाही तसंच वाटत होतं. पण चौथ्या दिवशी अक्षता टाकताना लक्षात आलं की तळावर दोन जागी दाणे थांबत नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे पायानं दाबायचे खटके असतात, तिथे. खटके तर कधीच काढून ठेवले होते. दाणे त्या दोन जागांपर्यंत घरंगळत जायचे आणि कडेला अडायचे. मी मूठभर टाकले. चहूबाजूंनी तांदूळ जमला, मधे दोन जागा मोकळ्या राहिल्या.

एक थोडी पुढे, एक मागे. टाच, चवडा, पाच बोटं.

बोट लावलं. तिथला पत्रा ओला होता. वैशाखात, शेडचे पत्रे दुपारी हात लावू देत नव्हते तेव्हा, ते दोन तळवे गार आणि ओले होते. पदरानं पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओले, आणि पुढचा पाय जरासा हललेला.

हे मी ह्यांना सांगितलं नाही. मालनबाईंना काय सांगायचं, तेच मनात घोळत राहिलं. काही सापडलं नाही म्हणावं, तर ते खरं होतं आणि खोटंही. सापडलं म्हणावं, तर त्या स्वतःच्या हातानं कुंकू पुसणार. आणि ज्याचे पाय ओले आहेत त्याला गेलेला म्हणायचं की असलेला, हे मला कुठल्याच पोथीत वाचलेलं आठवेना.

अमावास्येच्या आदल्या दिवशी, बारा-साडेबाराच्या सुमाराला, मालनबाई आल्या. हे आणि गोरक्ष शहरात पत्रा आणायला गेले होते. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "घावलं का काई?"

"गाळात काही सापडलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग डोळं का चोरता, ताई?"

मी नुसतं गाडीकडे पाहिलं. तेवढं पुरलं त्यांना.

त्या चौकटीपाशी गेल्या. आत पाहत राहिल्या. मी म्हटलं, "आत जाऊ नका."

"आठ वर्सं भाईरच हाय मी," त्या म्हणाल्या, आणि पाय उचलून आत गेल्या.

पदर आधी वळला. खांद्यावरून सुटला आणि तळाच्या दिशेनं सरळ ताणला गेला.

मग त्या सगळ्याच वळल्या. पडल्या नाहीत. जशी बाई पाटावर बसते तशा बसल्या, त्या उभ्या तळावर. पाय तळाला टेकलेले, डोकं माझ्या बाजूला नाही, खाली नाही, आडवं, टपाकडे. खालून कशाचा आधार नव्हता.

त्या ड्रायव्हरशेजारच्या जागी बसल्या होत्या.

मी वाटी घट्ट धरून उभी होते. तोंडात देवाचं नाव होतं, पण डोळे मिटावेसे वाटले नाहीत.

"किती भिजलायसा," मालनबाई म्हणाल्या. माझ्याशी नाही. घरी उशिरा आलेल्या माणसावर रागवावं तशा बारीक आवाजात.

मग मधूनमधून मान हलवत होत्या, ऐकत असल्यासारख्या.

एकदा हसल्याही.

बाहेर आल्या तेव्हा लुगड्याची उजवी बाजू खांद्यापासून काठापर्यंत ओलीचिंब होती. तलावाच्या गाळाचा वास येत होता. चेहरा शांत होता, कुंकू जागेवर होतं.

मी पाणी आणलं. त्या नको म्हणाल्या. मी कसंबसं विचारलं, "उद्या भावकी येईल ना? तो पळसाच्या पानांचा..."

"पानं गुरांस्नी घाला म्हनावं," मालनबाई म्हणाल्या. "गुरं उपाशी हायेत." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमी खोटं बोल्ला न्हाई. लई झालं."

त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

त्या निघाल्या. पुणे रस्त्यावर आल्या आणि शहराकडे, उत्तरेला, चालू लागल्या. ऊन डोक्यावर होतं. लिंबाचं पानही हलत नव्हतं. मी फाटकापर्यंत गेले आणि त्या वळणापाशी दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले.

वळणावर त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, हात केला. तेव्हा मला नीट दिसलं. मंगळसूत्र छातीवर नव्हतं. ते पूर्वेकडे, गाडीचा तळ होता त्याच दिशेला, आडवं ताणलेलं होतं, आणि मालनबाई पदर सावरावा तसं ते सहज हातानं सावरत होत्या.