गाण्यातला बेस कुणी नेला?

स्वराज ऑफिसात शिरला तेव्हा बेस गिटार खांद्याला होती आणि तोंड पार उतरलेलं. पोराचं काहीतरी बिनसलंय, हे भिमाजीनं तिथंच ओळखलं. भिमाजी त्याचा सख्खा मामा. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तो जुन्नरच्या बाजारपेठेत अक्षदाताईंच्या खासगी तपासाच्या ऑफिसात लागला होता. डोकं ताईंनी चालवायचं आणि चपला भिमाजीनं झिजवायच्या, अशी वाटणी होती.

"मामा, मला बँडमधून काढत्यात," स्वराज म्हणाला. "आन् मी कायबी केलेलं न्हाई."

झालं होतं ते असं. चार पोरांचा हा रॉक बँड. त्यांचं नवं गाणं पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत निवडलं गेलं. अट एकच, गाणं आधी कुठं बाहेर आलेलं नको. आणि कुणीतरी ते मोबाइलवर टाकलं, तालुकाभर फिरलं, स्पर्धेतून नाव कटलं. फिरलेल्या गाण्यात सगळं होतं, फक्त बेस, म्हणजे स्वराजच्या गिटारचा जाड आवाज, नव्हता. आता गिटारवाल्या बंटीनं प्रत्येकाला घरी सरावासाठी ज्याचा त्याचा भाग वगळून गाणं दिलेलं. बेस नसलेली प्रत एकट्या स्वराजकडे. मग चोर कोण, ते सांगायला ताई कशाला लागतात?

खरं सांगायचं तर भिमाजीलाही तसंच वाटलं. ती गिटार त्यानंच हौसेनं भाच्याला घेऊन दिली होती, आणि आता त्याला भाच्याच्या डोळ्यांत बघवेना.

"काका, चला," अक्षदाताई उठल्या. "बाकीच्यांचं ऐकू."

बँडचा सराव चाले बंटीच्या वडिलांच्या, माणिकचंद शेटच्या, ठिबकच्या पाइपांच्या गोदामात. ताईंनी तिघांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न टाकला, गाण्यात तू काय घालतोस? भिमाजीला वाटलं, ताईंचं आज काही खरं नाही.

बंटी म्हणाला, त्याच्या गिटारची खरखर काढली तर गाणं गुळमुळीत होईल. तो राहायला इथंच पेठेत, वडिलांच्या दुकानाच्या वर. पूर्ण गाणं कुणाकुणाकडे आहे, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं की त्याच्याकडे, आणि आईला ऐकवायचं म्हणून हर्षालीनं मागून घेतलं होतं.

मढचा अमृत ड्रमवर हलगीची थाप वाजवी. शिवाय पायानं वाजणारा मोठा ड्रम, जो थेट छातीत बसतो. "पर त्या फिरलेल्या गान्यात माझी नुसती टकटक हाय," तो कुरकुरला. "मोठा ड्रम गायबच. माझीबी वाट लावली राव." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

हर्षाली निरगुडसरची. बांधावरून हाक घालावी तसा तिचा आवाज, आणि लोक बँडला त्यावरूनच ओळखत. डोळे लाल झालेले. शेतातल्या पंपाची लाइट सध्या रात्रीचीच येते, वडील पुण्याला कंपनीत, धाकट्या भावाला एकटं टाकता येत नाही, म्हणून आई एकटीच पिकाला पाणी भरायला जाते. शेजारचं वासरू बिबट्यानं नेल्यापासून झोप कुठली, असं ती म्हणाली. स्वराजचं नाव निघताच तिचा आवाज कडक झाला. "त्यानं आमचा घात केला. त्याचं तोंडबी बघायचं न्हाई मला."

स्वराज कोपऱ्यातच उभा होता. त्यानं मान खाली घातली.

ताईंनी फिरलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर लावायला सांगितलं. दोन कडव्यांमध्ये गाणं क्षणभर थांबतं, तिथं मागं खळखळ ऐकू आली. बंटी म्हणाला, खराब रेकॉर्डिंग, दुसरं काय.

"आता स्वराजची प्रत लावा."

लावली. बेस नव्हता, पण अमृतचा मोठा ड्रम असा घुमला की गोदामाचे पत्रे थरथरले.

"ऐकलंत?" ताई म्हणाल्या. "या प्रतीत मोठा ड्रम आहे. फिरलेल्या गाण्यात बेसही नाही आणि मोठा ड्रमही नाही, म्हणजे ते या प्रतीवरून गेलेलं नाही. त्यातून कुणी काही काढलंच नव्हतं. पूर्ण गाणं अशा कशातून तरी वाजलं, ज्यातून जाड आवाज बाहेर पडतच नाही."

"भोंगा," भिमाजीच्या तोंडून निघून गेलं. गावच्या देवळावरचा भोंगा त्यानं जन्मभर ऐकला होता.

"बरोबर, काका. आणि ती खळखळ म्हणजे पाटात पडणारं पाणी. पूर्ण गाणं दोघांकडेच आहे. बंटी राहतो भर पेठेत. रात्रीचं पाणी हर्षालीच्याच शेतात भरतात."

हर्षालीनं मग सगळं सांगितलं. आई पाण्यावर गेली की बांधावरच्या आंब्याला बांधलेल्या भोंग्यावर ती हेच गाणं लावून ठेवत होती. माणसांचा आवाज असला की बिबट्या जवळ येत नाही म्हणतात, आणि तुझा आवाज असला की मला भ्या वाटत नाही, असं आई म्हणायची. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी ते मोबाइलवर धरलं असणार.

"ताई, मी लोकांसाठी लावलंच नव्हतं," ती म्हणाली. "बिबट्यासाठी लावलं व्हतं. गानं बाहेर गेलं ते तिथनं, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

तिनं स्वराजपुढं हात जोडले, तेव्हा त्यानंच ते खाली केले. भिमाजीनं भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. मीसुद्धा तुझ्यावर शंका घेतली, एवढं म्हणायला काही त्याची जीभ वळली नाही.

ताईंनी तिथूनच स्पर्धावाल्यांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाणं पुन्हा घेता येणार नाही म्हणून सांगितलं. मग भिमाजीनं विचारलं, लाइट दिवसाची का मागत नाही? हर्षाली म्हणाली, सगळा गाव मागून थकला. भिमाजीला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं. चोर सापडला असता तर निदान त्याला धरता तरी आलं असतं.

"आज रातीबी पानी भरायचं हाय," हर्षाली हळूच म्हणाली. "गानं लावू का नको?"

नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

स्वराजनं गिटार बाहेर काढली. "बंटी, रेकॉर्डिंग चालू कर," तो म्हणाला. "मी माझं वरच्या सुरात घेतो. अमृत, तूबी मोठा ड्रम सोड, त्या जागंला हलगीच वाजीव. भोंग्यातनं चौघंबी ऐकू आलो पायजे. मावशी रानात एकटीच असत्या."

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून भिमाजीनं उठून गोदामाचं दार ओढून घेतलं.