परीक्षार्थी पुंजाराम

"आप्पा… ह्याच्यावर तुमचा फोटो काय करतोय?"

तेजस्विनीची ती किंकाळी ऐकली आणि पुंजारामच्या हातातला झेंडूचा हार सुईसकट गळून पडला! दसरा दोन दिवसांवर आलेला, मखमलाबादच्या त्या ओसरीवर गुडघाभर झेंडू, आणि त्या पिवळ्याधमक ढिगात उभी राहून लेक पोस्टमननं दिलेल्या हॉलतिकिटाकडे डोळे फाडून बघत होती. बारावी. विषय गणित. परीक्षार्थी पुंजाराम, वय एक्कावन्न.

पुंजारामला काहीच कळेना. फोटो तर बरा आला होता!

हाय रे त्या बापाचं काळीज… लेकीसाठी त्यानं काय नव्हतं केलं! दोन वर्षांपूर्वी अकरावीच्या फॉर्मवर त्यानंच मोठ्या हौसेनं सही ठोकली होती… मॅथ्स काढा, क्रॉप सायन्स टाका! दोनशे मार्कांचा विषय, घरचाच शेतीचा धंदा. पोरीला एकशे नव्वद पडले, गल्लीत पेढे वाटले. आणि मग, लहानपणापासून ओझरकडून उडणारी विमानं माना मोडून बघणाऱ्या त्या पोरीनं पेपरात पायलट ट्रेनिंगची जाहिरात वाचली. पात्रता, बारावी पास, फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन. फिजिक्स होतं, इंग्लिश होतं, नजर घारीची होती… मॅथ्स तेवढं नव्हतं!

"विमानावर काय करपा पडतो का, आप्पा?" एवढंच म्हणाली आणि तिनं बापाशी बोलणं टाकलं.

ते मुकेपण पुंजारामला सोसवेना. कॉलेजातल्या क्लार्कनं सांगितलं, ओपन स्कूलमधून नुसता मॅथ्सचा पेपर देता येतो. झालं! शेवटच्या तारखेला तो एकटाच केंद्रावर धावला. आता जन्मभर त्यानं रेशनकार्ड, सोसायटी, विजेचा मीटर, गॅस असलेच अर्ज भरलेले, आणि ते सगळे कर्त्या माणसाच्या नावावर. दहावीचा दाखला लागतो म्हटल्यावर बिचारा घरी परतला आणि भिंतीवरची फ्रेम फोडून स्वतःची जुनी एस.एस.सी. घेऊन आला.

"काका, ह्या वयात? कमाल आहे हो तुमची!" खिडकीतली बाई म्हणाली.

"पोरीसाठी करतोय, बाई…" त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. बाईनंही पुसले. शिक्का बसला.

आणि 'फॉर्म भरलाय' ह्या बापाच्या शब्दावर विसंबून, न बोलता का होईना, पोरगी तीन महिने अभ्यासाला जुंपली होती!

"अभ्यास माझा, अन् नंबर तुमचा?" तेजस्विनी आता ढसाढसा रडायला लागली.

"अगं, मला वाटलं नाव कर्त्याचं अन् पेपर तुझा…"

"मीटर हाय का तो?"

"आता तुम्हीच उडवा इमान," चंद्रभागा, त्याची बायको, हार ओवता ओवता म्हणाली. "अन् जाताना एवढी फुलं बाजारात टाकून जा."

नाव बदलता येणार नव्हतं. तेजस्विनीचा नंबर आता थेट एप्रिलला! पुंजाराम ताडकन उठला. "ज्या हातानं पोरीचं मॅथ्स दोनदा घालवलं, तोच हात आता पेपर लिहील!" ह्यानं कुणाचं काय भलं होणार, ते कुणालाच कळलं नाही… त्यालाही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो ओसरीवर बसून गणिताचं पुस्तक पोथीसारखं सुरात वाचू लागला. दोन दिवस लेकीनं सहन केलं. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"आप्पा, ते इंटिग्रलचं चिन्ह आहे."

"व्हय? मला वाटलं गांडूळ."

ती हसली… तीन महिन्यांनी! मग रोज शिकवणं आलं. एकेक गोष्ट ती बापाला चार चार वेळा सांगायची. पुंजारामच्या डोक्यात काही शिरायचं नाही, पण तिचं मात्र पक्कं होत गेलं.

परीक्षेच्या दिवशी दारावरच्या शिपायानं पुंजारामला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबा."

"परीक्षार्थी तेच आहेत," तेजस्विनी म्हणाली, बापाच्या खिशाला पेन लावत. "पालक मी."

पुंजारामला शंभरपैकी सतरा पडले. एप्रिलमध्ये तेजस्विनीला एकोणनव्वद.

जूनमध्ये पायलट ट्रेनिंगचा फॉर्म घरात आला. तिनं 'पालकांचे शिक्षण' ह्या रकान्यात लिहिलेलं वाचून पुंजाराम हादरला. "अगं, एस.एस.सी. पुरे की! बारावी गणित, सतरा मार्क… हे कशाला? नापास झालोय मी!"

"बसला होतात ना पेपरला? मग? हं, सही करा. इथं, पालकाच्या रेघेवर."

त्यानं पेन रेघेवर टेकवलं आणि पुन्हा उचललं. "हीच ना गं रेघ? नक्की? तुझ्या आईला विचारू का?"

"हीच, आप्पा."

त्यानं श्वास रोखून, जीव ओतून सही केली… आणि टपकन् डोळ्यातलं पाणी नेमकं त्या सहीवरच पडलं! शाई फुटली, सही पसरली, अर्जदाराच्या नावापर्यंत निळा ओघळ गेला. तिसऱ्यांदा! पुंजारामनं कपाळावर हात मारून घेतला.

तेजस्विनीनं शांतपणे वहीखालून दुसरा फॉर्म काढला.

"मला ठाऊक होतं. दोन आणलेत. आधी डोळे पुसा."