कानबाईच्या लुगड्याची टिचबटणं

तो पहिल्यांदा बाबांच्या शिवणाच्या दुकानात आला तेव्हा त्याच्या काखेत हिरवं लुगडं होतं... आणि त्यातून वायरी लोंबत होत्या!

"हे लुगडं आहे की रेडिओ?" मी विचारलं.

"सध्या तरी दोन्हीही नाही," तो हिरमुसून म्हणाला.

पारोळ्यात रेडिओ दुरुस्त करणारा लीलाधर. श्रावणात घरी बसवायच्या कानबाई देवीच्या लुगड्याच्या काठावर त्याने चाळीस लाल एलईडी शिवले होते, सेलवर पेटणारे. पण त्याच्या आजी, ताईबाई अक्का, अडून बसल्या होत्या. "कानबाईनं लुगडं धुयेल पाहिजे!" दर वर्षी धुऊनच नेसवायचं, घरचा नेमच तसा. आणि धुतलं की वायरी तुटणार.

"टाके उसवून द्याल? धुऊन झालं की पुन्हा शिवायचं."

"दर वर्षी?"

बाहेर श्रावणाची भुरभुर. माझा हात बटणांच्या डबीत घुटमळत होता... तिथेच सुचलं.

"टिचबटण धातूचं असतं. यातून करंट जाईल?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आठ दिवस डोकं खाजवतोय... मला कसं नाही सुचलं?"

"तुम्ही कधी ब्लाउजला बटणं लावलीत?"

कानापर्यंत लाल झाला बिचारा!

मग तीन दुपारी आम्ही समोरासमोर बसलो. दिवे पाच सुट्या फितींवर घेतले. फिती लुगड्याला टिचबटणांनी, एकमेकींनाही टिचबटणांनीच. त्याने टिचबटणाला वायर सोल्डर करायची, मी टाका घालायचा. चाचणीला चौथी फीत काळीच राहिली.

"प्लस-मायनस उलटं लागलं," तो म्हणाला. "उद्या बायकांच्या घाईत असंच होणार. अक्का पुन्हा दिव्यांचं नाव काढू देणार नाहीत."

"मग उलटं लागूच द्यायचं नाही. फितीच्या या टोकाला प्लसला टोकाचा भाग, मायनसला खळग्याचा; समोरच्या फितीवर बरोबर उलट. चुकीचं धरलं तर टिच होणारच नाही."

"लताबाई..." तो हळूच म्हणाला, "तुम्ही माझ्या दुकानात बसा. मी शिवण शिकतो."

"आधी सुईत दोरा ओवून दाखवा!"

रविवारी लुगडं धुतलं, वाळलं, कानबाईला नेसवलं. पहिल्या चार फिती अक्कांनी स्वतःच्या हाताने लावल्या — टिच, टिच, टिच. आणि पाचवी हातात असतानाच काठ उजळला!

"वा रे लीलाधर!" सगळी गल्ली म्हणाली.

मी बायकांच्या मागे उभी. घरी जायला वळले.

"थांबा!" तो मोठ्याने म्हणाला. "दिवे माझे. पण ते निघतात, लागतात, चुकत नाहीत, ते डोकं लताचं. लोटनभाऊ टेलरच्या लताचं."

सगळ्या माना वळल्या. त्याने पहिल्यांदाच मला नुसतं 'लता' म्हटलं होतं... तेही भर गल्लीत!

अक्कांनी मला जवळ ओढलं, हनुवटी वर केली. "पोर हुशार शे. लीलाधर, तुना मनमा काय शे?"

"अक्का, मनात तीच शे," तो म्हणाला. माझ्याकडे बघत. "पण आधी तिला विचारा ना..."

मी अक्कांच्या हातातली शेवटची फीत घेतली, एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं, आणि दोघांनी मिळून ती लावली. टिच!

आता ते लुगडं दर श्रावणात मी धुते. आमची तीन वर्षांची लेक फिती लावायला बसते. उलटी धरली की लागत नाही, मग चिडून बापाकडे बघते.

"फिरवून बघ, बेटा," तो सांगतो. "तुझ्या आईनं केलंय ते. चुकू देत नाही."